वाड्यातून ब्लॉकमध्ये आलेले भय : नारायण धारपांच्या कथेमागचा इतिहास

मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव निघाले की बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी वाचकांना पुस्तकाच्या दुकानाआधी वाचनालय आठवते. भयकथेची सडपातळ पुस्तके विकत घेऊन कपाटात मांडण्यासाठी नसतातच, ती आणायची, एका रात्रीत संपवायची आणि परत करायची, अशी त्या काळच्या घराघरांतील समजूत होती. समीक्षेने या प्रकाराला ‘हलके वाचन’ म्हणून दाराबाहेर ठेवले आणि वाचनालयांनी तो जगवला. त्यामुळे धारपांच्या लेखनाची पार्श्वभूमी वाचनालयांच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही, आणि त्या इतिहासात बडोद्याला मोठे स्थान आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर ते शिक्षण टिकत नाही, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी सलग व्यवस्था उभी केली. त्या पेट्या भुताखेतांच्या गोष्टींसाठी निघाल्या नव्हत्या, हे उघड आहे. पण पुस्तक घरी नेऊन वाचण्याची सवय एकदा लागली की वाचक पुढे काय उचलील, यावर कोणत्याही दरबाराचा हुकूम चालत नाही.

भय मात्र छापील पुस्तकाच्या कितीतरी आधीचे आहे. मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग, वेताळ ही मराठी भुतावळ म्हणजे एक नीट लावलेली समाजव्यवस्थाच होती. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, वासना अडकलेला समंध होतो, अशी मृताची जात, वय आणि अपुरी इच्छा पाहून त्याला जागा नेमून दिलेली असे. या समजुती पद्धतशीर गोळा करण्याचे एक मोठे काम नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्या हातून सुरू झाले. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर त्यांनी जमवलेली सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संकलित करून दोन खंडांत प्रसिद्ध केली. पहिला खंड गुजरातचा होता आणि दुसरा कोकणचा. बडोद्याचा मराठी माणूस या दोन्ही खंडांत एकाच वेळी राहत आला आहे, कारण त्याच्या घरात हडळ आहे आणि शेजारच्या गुजराती घरात चुडेल.

छापील मराठीत अद्भुत लवकर आले आणि भय उशिरा. एकोणिसाव्या शतकात वेताळपंचविशी मराठीत आली, अरबी सुरस गोष्टींची भाषांतरे झाली, ‘मुक्तामाला’सारखी (१८६१) अद्भुतरम्य कादंबरी लिहिली गेली, पण त्यांतला चमत्कार वाचकाला थक्क करण्यासाठी होता. पुढे मासिके आणि १९०९ पासून दिवाळी अंक आले, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी प्रचंड वाचकवर्ग तयार केला. मात्र रहस्यकथेत शेवटी खुलासा होतो, गुन्हेगार सापडतो आणि वाचक निर्धास्त झोपतो. झोप उडवणारी कथा लिहिणारा लेखक अजून यायचा होता.

धारपांचे वेगळेपण इथे सुरू होते. शिक्षण त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाचे घेतले होते, विज्ञानकथाही विपुल लिहिल्या, आणि ती शिस्त त्यांच्या भयकथेत दिसते. त्यांचा निवेदक बहुधा नोकरदार, हिशेबी आणि भुतांवर विश्वास नसलेला असतो. त्याला वारसाने घर मिळते किंवा तो भाड्याची जागा पाहतो, आणि जागेची अडचण, भाडे, बायकोची नापसंती, शेजाऱ्यांचे तुटक बोलणे हे सारे इतक्या शांतपणे सांगितले जाते की पहिली विसंगती वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. मुंजाला पिंपळ लागत होता. धारपांच्या अमानवी शक्तीला ब्लॉकमधली बंद खोली पुरते. दुष्ट शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा नायक लोकप्रिय झाला खरा, परंतु समर्थ आला की निकाल ठरतो आणि भीतीची धार बोथट होते. त्यांची खरी ताकद त्या लघुकथांत आहे, जिथे सोडवायला कोणीच येत नाही.

त्यांच्यावरचा जुना आक्षेप परकीय उसनवारीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेले त्यांचे लेखन प्रसिद्ध आहे. ‘लुचाई’चा सांगाडा किंग यांच्या १९७५ च्या रक्तपिपासूंच्या कादंबरीचा आहे. मूळ लेखकाचा स्पष्ट उल्लेख व्हायला हवा होता, याबद्दल दुमत असू नये. तरीही केवळ गावांची आणि माणसांची नावे बदलून असे रूपांतर साधत नाही. क्रूस आणि पवित्र पाणी काढून घेतल्यावर त्या जागी कोणती श्रद्धा ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो, आणि धारप तो मराठी घरातल्या देवघराच्या आधारे सोडवतात.

त्याच काळात रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा दुसऱ्या वाटेने गेली. बँकेतील नोकरी सांभाळून नाटके, बालनाट्ये आणि कथा लिहिणाऱ्या मतकरींना भूत लागतेच असे नाही. मत्सर, अपराधाची टोचणी, एखाद्या मुलाचे विचित्र मौन त्यांना पुरते. वाङ्मयीन प्रतिष्ठा त्यांना धारपांहून अधिक मिळाली, यात त्यांच्या रंगभूमीवरील कामाचा वाटा नाकारता येणार नाही.

धारपांकडे नव्या वाचकाचे लक्ष वळले ते पडद्यामुळे. २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच्यामागे धारपांची कथा आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. दरम्यान धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि श्राव्य रूपातही त्यांच्या कथा आल्या. गुजराती माध्यमात शिकलेल्या बडोद्याच्या मराठी तरुणांना देवनागरी छापील मजकूर सलग वाचणे जड जाते, पण घरात मराठी बोलली जात असल्याने ऐकलेली कथा त्यांना पूर्ण कळते. त्यांच्यासाठी हे श्राव्य रूपच धारपांपर्यंत पोहोचण्याचा सोपा मार्ग आहे.