खंबायत खचदरी

खंबायत खचदरी : भारतीय भूपट्ट ताणला जाऊन मधला भाग खचल्याने गुजरातेत तयार झालेला लांबट, खोल पट्टा. राजस्थानातील सांचोरपासून खंबायतच्या आखातापर्यंत तो पसरला असून त्याची लांबी ४०० किमी.हून अधिक आहे. नर्मदेची खचदरी त्याला भडोचच्या बाजूला येऊन मिळते. जमिनीवरून चालताना तो कळत नाही, कारण मही, ढाढर, नर्मदा आणि त्यांच्या पूर्वीच्या नद्यांनी तो गाळाने काठोकाठ भरून टाकला आहे. बडोदे शहर या पट्ट्याच्या पूर्व काठाजवळ वसले आहे.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. आहे. वरचे कवच खंडांखाली साधारण ३५ ते ४० किमी., तर महासागरांखाली जेमतेम ७ किमी. जाड असते. त्याखाली सुमारे २,८९० किमी. खोलीपर्यंत प्रावरण (कवच आणि गाभा यांमधला खडकाचा जाड थर), मग ५,१५० किमी.पर्यंत द्रव बाह्य गाभा आणि केंद्राशी घन आंतर गाभा. भूपट्ट म्हणजे नुसते कवच, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कवच आणि त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठर भाग मिळून भूपट्ट होतो, आणि त्याची जाडी १०० किमी.च्या आसपास भरते. त्याखालचा खडक घनच असतो, पण तापून मऊ झालेला. वर्षाला काही सेंटिमीटर सरकण्याइतका तो नमतो. भूपट्ट प्रावरणातील उकळीवर वाहत जातात हे शालेय चित्र अर्धेच खरे आहे. सर्वांत मोठे बळ लागते ते महासागरी पट्टाचे थंड, जड टोक खोल बुडताना मागच्या पट्टाला खेचते त्याचे. महासागरी कटकांच्या (समुद्रतळावरील डोंगररांगांच्या) उतारामुळे मिळणारा रेटा त्यामानाने कमी असतो.

भारतीय भूपट्ट मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला. पुढे तो उत्तरेकडे वर्षाला १५ सेंमी.हून अधिक वेगाने निघाला, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी रेयुनियन बेटाच्या तप्तबिंदूवरून (प्रावरणातून उष्ण द्रव्य वर येणाऱ्या जागेवरून) जात असताना दख्खनचा लाव्हा बाहेर पडला. त्याच सुमारास पट्टाची पश्चिम कड ताणाखाली होती. कवचाचा वरचा १०-१५ किमी.चा थर ठिसूळ असतो. ताण पडला की तो सुमारे ६० अंश कललेल्या प्रस्तरभंगांनी (खडक सरकतो अशा भेगांनी) तुटतो आणि मधले ठोकळे खाली घसरतात. त्याखालचा थर तुटत नाही, ओढलेल्या कणकेसारखा पातळ होतो. खंबायतला नेमके हेच घडले. मात्र फाट पूर्ण झाली नाही. भूपट्ट अखेर पश्चिमेला तुटला, सेशेल्सचा तुकडा मागे राहिला आणि मध्ये नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. खंबायतची फाट तेथेच थांबली. तापलेले कवच थंड होत आणखी खचत गेले, वर गाळ साचत गेला.

हा खचाव किती मोठा आहे, हे पावागडावरून ध्यानात येते. बडोद्याच्या ईशान्येस असलेल्या या डोंगराच्या उतारावर काळा बेसाल्ट हाताला लागतो, माथ्याकडे फिकट ऱ्हायोलाइट दिसतो; दोन्ही लाव्ह्याचेच खडक. त्याच दख्खनी लाव्ह्याचा माथा पश्चिमेस जंबुसर-भडोचच्या खोलगट भागात हजारो मीटर खाली आहे. त्याच्यावर आधी लाव्ह्याच्याच झिजेतून झालेला ओलपाड थर, मग काळसर खंबायत शेल (चिखल घट्ट होऊन झालेला खडक), मग वाळूचे थर आणि सगळ्यांत वर नद्यांचा गाळ अशी रचना आहे.

खंबायत शेलमधील सेंद्रिय द्रव्य साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला शिजून तेल बनते. पातळ कवचामुळे येथे खोलीगणिक तापमान नेहमीपेक्षा झपाट्याने चढते, म्हणून तेल तुलनेने कमी खोलीवर तयार होते. लुणेज येथे १९५८ मध्ये, अंकलेश्वर येथे १९६० मध्ये तेल लागले आणि बडोद्याजवळची कोयली रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. पादरा क्षेत्राचे वैशिष्ट्य असे की तेथे तेल चक्क बेसाल्टच्या भेगांतून मिळते. शेलमधले तेल वर उचललेल्या लाव्ह्याच्या ठोकळ्यात शिरून अडकले आहे.

आज भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी. उत्तर-ईशान्येकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्यामुळे ताणाने पडलेल्या जुन्या प्रस्तरभंगांवर आता दाब येतो. मार्च १९७० मध्ये भडोचला सुमारे ५.४ महत्तेचा भूकंप झाला. २००१ च्या ७.७ महत्तेच्या भूजच्या धक्क्याने २०० किमी.हून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. जाड गाळ मंद (सावकाश हेलकावणाऱ्या) लाटा वाढवतो, आणि उंच इमारतींचे स्वतःचे आंदोलनही मंदच असते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या बसक्या वाड्याला या मंद लाटांचा त्रास दहामजली इमारतीपेक्षा कमी, पण जवळच्या छोट्या भूकंपाच्या जलद लाटांचा जास्त.

भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक क्र. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत बडोदे तिसऱ्या भूकंप विभागात असून विभाग गुणक (आराखड्यात धरायच्या धक्क्याच्या जोराचा आकडा) ०.१६ धरला आहे. सर्वाधिक घात करतो तो तळाचा मजला: पार्किंगसाठी भिंती काढल्या की वरच्या जड मजल्यांचे सगळे हेलकावे मोजक्या खांबांवर येतात. खांबातील उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके ९० अंशांत वाकवली असतील तर काँक्रीटचे आवरण उडताच त्या उघडतात. ती १३५ अंशांत आत वळवून निदान ६५ मिमी. लांब ठेवावी लागतात.