महाराष्ट्र केसरी: गदेची यादी आणि यादीबाहेरचे खाशाबा

कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत शिरलं की हौद्याआधी, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याआधी, नजर जाते भिंतीकडे. मारुतीच्या तसबिरीशेजारी फेटा बांधलेले, खांद्यावर गदा घेतलेले पैलवान. परदेशात ज्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात, तो आपल्या कुस्तीनं असा तेलकट भिंतींवर भरवला. साऱ्या राज्याची अशी भिंत म्हणजे महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांची यादी.

राजर्षी शाहू महाराजांमुळे कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. खासबागेचं मैदान 1912 साली सुरू झालं. पण संस्थानी आश्रय गेल्यावर पैलवानाला वाली उरला नाही. मामासाहेब मोहोळांनी 1953 साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली ती या पार्श्वभूमीवर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वर्षभरातच, 1961 साली, औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले.

चांदीची गदा ऐंशीच्या दशकापासून मोहोळ कुटुंब मामासाहेबांच्या स्मरणार्थ देतं. आत लाकूड, वर कोरीव कामाचा चांदीचा पत्रा, वजन साधारण 10 ते 12 किलो. दमलेला गडी ती पेलतो तेव्हा मनगट थरथरतं, ते फोटोत दिसत नाही.

आता या यादीची खोट. किताबाची कुस्ती वजनदारांची. आजच्या नियमांत 86 ते 125 किलो. माती आणि गादी (मॅट) या दोन विभागांतले विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बँटमवेट, 57 किलोच्या गटात. म्हणजे स्पर्धा दहा वर्षं आधी सुरू झाली असती, तरी हा गडी त्या आखाड्यात बसलाच नसता. राज्याचा सर्वांत मोठा मल्ल राज्याच्या मानाच्या यादीत नाही, आणि त्याचं कुणाला फारसं वाटतही नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन व्हायला तर आणखी दोन दशकं गेली.

बाकी यादी थोरच. गणपत खेडकर, दादू चौगुले, हरिश्चंद्र बिराजदार ही नावं गावागावांत आजही निघतात. नरसिंग यादवनं 2011 ते 2013 आणि लगेच विजय चौधरीनं 2014 ते 2016 अशी सलग तीन-तीनदा गदा नेली. मध्ये कोरोनानं खंड पाडला.

त्यानंतर संघटनेतच भाऊबंदकी झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावला एक स्पर्धा झाली, तिथं सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी झाली, तिथं शिवराज राक्षे. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचा, शिवराज वस्ताद काका पवारांचा पठ्ठ्या. त्या वर्षापुढे कोणाचं नाव लिहायचं, हे ज्या त्या तालमीला विचारायचं.