पॉलर्सपरी गावच्या चर्चच्या नोंदवह्या : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्यालगत पॉलर्सपरी हे खेडे आहे. गावाच्या मूळ नावाचा अर्थ पेअरचे झाड असा होतो. नॉर्मन काळात येथील जमीन पेव्हली घराण्याकडे आली आणि त्या घराण्याचे नाव पुढे जोडले गेले. इंग्रजीतून मराठीचे व्याकरण (१८०५) लिहिणारा आणि पुढे मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश (१८१०) सिद्ध करणारा विल्यम कॅरी १७६१ मध्ये याच पॅरिशमध्ये जन्मला.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी, असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. कागदी वह्या टिकत नाहीत असे दिसल्यावर १५९८ पासून चर्मपत्र सक्तीचे झाले. गरिबांच्या पोषणाचा खर्चही पॅरिशवरच असल्यामुळे कोण कुठला, हा प्रश्न धर्माइतकाच पैशाचाही होता, आणि माझ्या मते ही दप्तरे इतक्या निगुतीने जपली गेली त्याचे अर्धे श्रेय या हिशेबीपणाला आहे.

विल्यमचे वडील एडमंड मूळचे विणकर. मुलगा सहा वर्षांचा असताना ते गावचे शाळामास्तर आणि पॅरिशचे कारकून झाले. विल्यम मात्र चांभारकाम शिकायला पिडिंग्टनला गेला, आणि तेथील चर्चमध्ये १० जून १७८१ रोजी त्याचा डॉरथी प्लॅकेटशी विवाह झाला. १७५४ पासून अमलात आलेल्या विवाह कायद्याने वधूवरांच्या सह्या आवश्यक केल्या होत्या. त्याआधीच्या नोंदींत बहुधा पाद्र्याचे किंवा कारकुनाचेच हस्ताक्षर भेटते. डॉरथीला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने नावापुढे फुली मारली. पुढे अनेक भाषांच्या कोशांत आणि व्याकरणांत बुडून गेलेल्या माणसाच्या बायकोची या वहीतली निशाणी ती एवढीच.

कुलवृत्तांताच्या अभ्यासकांची खरी पंचाईत यापुढे होते. कॅरी १७८३ मध्ये बाप्टिस्ट झाला, आणि तो पंथ अर्भकांना बाप्तिस्मा देत नाही. त्यामुळे अशा घरांतील मुलांचे जन्म पॅरिशच्या वहीत सहसा सापडत नाहीत. विवाह तेवढे सापडतात, कारण क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना अधिकृत चर्चमध्येच लग्न लावावे लागे. पंथ न पाहता सर्वांची सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथे कॅरीचे निधन होऊन तीन वर्षे लोटली होती.