बाद टूलची पाटी कुठे लावायची?

1 ऑगस्ट 2012. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडायला अजून सुमारे दीड तास होता. नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणक यंत्रणेतून कर्मचाऱ्यांना आपोआप ईमेल जाऊ लागले. बाजार उघडेपर्यंत असे 97 ईमेल गेले आणि त्यांत ‘पॉवर पेग डिसेबल्ड’ अशी त्रुटी नोंदलेली होती. पॉवर पेग हा प्रोग्रॅमचा जुना तुकडा. त्याचा वापर 2003 मध्येच थांबला होता, पण तो काढून कोणी टाकला नव्हता. त्याआधीच्या काही दिवसांत नवा प्रोग्रॅम आठपैकी सात सर्व्हरवर चढला आणि आठव्यावर राहून गेला. नव्या कामासाठी जुनीच खूण पुन्हा वापरली होती, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर तो जुना तुकडा जागा झाला. 45 मिनिटांत कंपनीचे 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. सूचना आधीच गेली होती, पण ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून योजलेले नव्हते. म्हणून त्यांकडे कोणी त्या नजरेने पाहिले नाही.

बाद झालेल्या गोष्टीची पाटी कुठे लावायची, हा प्रश्न मला या घटनेमुळे फार महत्त्वाचा वाटतो. आज तो नव्याने उभा आहे, कारण आता पाटी वाचणारा वाचक बदलला आहे. तो माणूस नसून कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट आहे, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पावले टाकत पार पाडणारा प्रोग्रॅम. त्यासाठी त्याच्या हाती दिलेली एकेक सोय म्हणजे टूल.

एक साधे उदाहरण घेऊ. औषधाच्या दुकानात हवी ती गोळी नसली की आपण रोज चकरा मारत नाही, ‘आली की फोन करा’ म्हणून नंबर देऊन येतो. वेबहूक म्हणजे हेच. एक संगणक दुसऱ्याकडे आपला पत्ता ठेवतो आणि पैसे जमा झाले किंवा कोडमध्ये बदल झाला की दुसरा त्या पत्त्यावर निरोप धाडतो. हा शब्द 2007 च्या सुमारास जेफ लिंडसे या प्रोग्रॅमरने रूढ केला. दुकानदाराच्या वहीत कोणाकोणाचे नंबर आहेत हे दाखवणारी सोय म्हणजे वेबहूकची यादी देणारे एपीआय. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे मागणी करण्याचे ठरलेले दार.

दिसायला ही सोय निरुपद्रवी आहे. ती काही बदलत नाही, पुसत नाही. पण एजंट तिच्या उत्तरावर पुढचे पाऊल टाकतो. नवा वेबहूक नोंदवण्याआधी तो यादी पाहतो. यादी रिकामी आली तर नोंद करून मोकळा होतो. आता समजा, जुने यादी-टूल फक्त जुन्या पद्धतीच्या नोंदी दाखवते आणि नव्या नोंदी वेगळ्या वहीत आहेत. एजंटला रिकामी यादी मिळते आणि तो दुसरी नोंद करतो. मग प्रत्येक निरोप दोनदा पोहोचतो. पलीकडच्या प्रोग्रॅमने काळजी घेतलेली नसेल, तर एकाच ऑर्डरचा माल दोनदा रवाना होतो. यात एकही त्रुटी कुठे नोंदली जात नाही, आणि मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

माणसांसाठी ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे ‘अजून चालते, पण वापरू नका’ हे सांगण्याच्या चांगल्या रीती आहेत. जावा भाषेत अशी खूण 1997 पासून आहे. कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये त्या नावावर आडवी रेघ दिसते आणि हात थबकतो. ओपनएपीआय या एपीआयच्या वर्णन-पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. वेब सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या हेडरमध्ये बंद होण्याची तारीख लिहिण्याचा ‘सनसेट’ हा संकेत 2019 मध्ये ठरला, तर ‘डेप्रिकेशन’ हा हेडर 2025 मध्ये.

एजंटपर्यंत यातले बहुधा काहीच पोहोचत नाही. तो थेट एपीआयशी बोलत नाही. मध्ये टूल पुरवणारा एक थर असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा अशा थरासाठीचा एक संकेत आहे. त्यात एजंटचा मेंदू असलेल्या भाषा-मॉडेलला प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यावी लागते एवढे दिसते. हेडर सहसा मधल्या थरातच गळून पडतो. संकेतस्थळावरची घोषणा, ग्राहकांना गेलेले ईमेल यांचा तर प्रश्नच नाही. शिवाय मॉडेल वर्षानुवर्षांच्या जुन्या मजकुरावर शिकलेले असते, त्यामुळे जुने नाव त्याच्या ओळखीचे असते आणि नवे नसते.

म्हणून वर्णनाच्या त्या दोन-चार ओळी हीच दारावरची पाटी. ‘हे टूल वेबहूकची यादी देते. (डेप्रिकेटेड)’ असे लिहिले की लेखकाचे कर्तव्य झाले, असे मी मानत नाही. एजंट पहिले वाक्य आपल्या कामाशी जुळवतो आणि कंसातला शब्द तिथेच राहतो. मी असे लिहीन: ‘नव्या कामासाठी हे वापरू नका, वेबहूक-यादी-दोन वापरा. हे टूल फक्त जुन्या नोंदी दाखवते. यादी रिकामी आली तरी वेबहूक नाहीत असे समजू नका.’ यातले तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण दोनदा माल जाण्याची वाट तेच अडवते. बंद होण्याची तारीख पूर्ण लिहावी, ‘लवकरच’ म्हणू नये. लवकर म्हणजे केव्हा, हे ठरवायला मॉडेलकडे काही आधार नसतो. आणि हे सगळे थोडक्यात बसवायचे, कारण प्रत्येक टूलचे वर्णन मॉडेलच्या मर्यादित वाचन-जागेत वाटा मागते.

वर्णनात टूलच्या उत्तराचा नमुना देतानाही जपावे लागते. वेबहूकसोबत एक गुप्त किल्ली असते, निरोप खरा आहे हे तिच्यावरून पडताळतात. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचे एपीआय यादी देताना तिच्या जागी नुसत्या चांदण्या दाखवते. एजंटने चांदण्यांनाच किल्ली समजून त्या पुन्हा साठवल्या तर पडताळणी मोडेल, म्हणून हेही वर्णनात सांगितलेले बरे.

दुसरी पाटी उत्तरातच लावता येते. कोणी जुने टूल वापरलेच, तर यादीच्या वरती एक ओळ: ही यादी अपुरी आहे, पूर्ण यादी अमुक टूलकडे आहे. मॉडेल उत्तर वाचतेच, त्यामुळे ही ओळ हेडरसारखी वाटेत गळत नाही. पुढे टूलच यादीतून काढावे. टूलांची यादी बदलल्याचे कळवण्याची सोय त्या प्रोटोकॉलमध्ये आहे.

तरीही कुठेतरी जतन केलेल्या सूचनांमध्ये जुने नाव राहतेच आणि एक दिवस कोणीतरी ते दार ठोठावते. तेव्हा उत्तरात 404 हा त्रुटीचा आकडा देऊ नये. त्याचा अर्थ ‘सापडले नाही’ एवढाच होतो आणि एजंट पत्ता चुकला असेल असे धरून आणखी चार पत्ते चाचपत बसतो. वेबच्या संकेतांत यासाठी 410 हा आकडा आहे: इथे होते, ते काढले. त्याच्याबरोबर नव्या टूलचे नाव लिहिले, की तो पुढच्याच हाकेला नव्या दारावर जाऊ शकतो.