गेममधल्या डायमंडचा भाव देशागणिक का बदलतो?

मोबाइलवरच्या एखाद्या फुकट गेमच्या पानावर प्ले स्टोअरमध्ये जरा खाली सरकलं, की ॲपमधील खरेदीची माहिती सापडते. गेममधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग वस्तू केवढ्याला, हे तिथे रुपयांत लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते वाचत नाहीत. वाचलं तरी हे आकडे फक्त आपल्या देशासाठी आहेत, दुसऱ्या देशात त्याच जागी निराळे आकडे दिसतात आणि ते नुसते डॉलरचे रुपये करून आलेले नसतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

ऐरोलीत आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात ते दोन पोरांच्या ध्यानात आलं. एक इथलाच, दुसरा न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला त्याचा चुलतभाऊ. दोघं जिन्यात बसून एकच गेम खेळत होते. डायमंड म्हणजे गेममधलं चलन. इथल्याच्या फोनवर शंभर डायमंडचा पॅक ४९ रुपयांना, पाहुण्याच्या फोनवर तोच पॅक ०.९९ डॉलरला, म्हणजे साधारण पावणेदोन पट. फोन दोन्ही ऐरोलीतच, वायफायही एकच. पण पाहुण्याचं खातं अमेरिकेत उघडलेलं होतं. भाव ठरतो तो खात्याच्या देशावरून; फोन त्या क्षणी कुठे आहे यावरून नाही. “मग मला तुझ्या फोनवरून घेऊन दे ना,” पाहुणा म्हणाला. हे त्याने सहज विचारलं, पण या सगळ्या रचनेचा कणा त्याच प्रश्नात आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी कराचा हिशेब उरकून घेऊ, कारण दोन देशांच्या किमती शेजारीशेजारी ठेवताना घोळ इथेच होतो. भारतात गेममध्ये दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. अमेरिकेत विक्रीकर राज्याराज्यांत वेगळा, म्हणून तो किमतीत नसतो; जिथे लागू असेल तिथे वरून लागतो. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ०.९९ डॉलरचे झाले सुमारे ८४ रुपये. त्यावर १८ टक्के चढवले की ९९. म्हणजे एखादा पॅक तिकडे ०.९९ डॉलरला आणि इकडे ९९ रुपयांना असेल, तर आपल्याला वाटतं आपल्याकडून जास्त घेतले, पण गेम बनवणाऱ्याला दोन्हीकडून सारखेच पैसे मिळतात. ९९ मधले १५ रुपये सरकारकडे जातात. उरलेल्या ८४ मधून ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअर आपलं कमिशन कापतं (बरीच वर्षं रूढ दर ३० टक्के, छोट्या कंपन्यांना १५), आणि बाकीचे कंपनीला.

जिन्यातला ४९ रुपयांचा पॅक मात्र या हिशेबात बसत नाही. जीएसटी काढला तर साडेएकेचाळीस रुपये उरतात, अर्धा डॉलरसुद्धा नाही. तिथे कंपनीने भाव खरोखरच खाली आणला आहे, आणि तो आणण्यात तिचा फायदा आहे.

समजा, एका गावात शंभर जण तो गेम खेळतात. पॅक ८९ रुपयांना ठेवला तर दोघे घेतात, २९ ला ठेवला तर दहा जण. कर आणि कमिशन बाजूला ठेवलं, तर पहिल्या भावाने १७८ रुपये जमतात, दुसऱ्याने २९०. आता डायमंडच्या जागी एखादं प्लास्टिकचं खेळणं असतं आणि ते बनवायला २५ रुपये पडत असते, तर? ८९ ला विकून नगामागे ६४ सुटले, दोघांचे १२८. २९ ला विकून नगामागे ४ सुटले, दहा जणांचे ४०. निकाल पार उलटला. खेळणंवाल्याला भाव पाडणं परवडत नाही, गेमवाल्याला परवडतं, कारण डायमंड म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या नावापुढे लिहिलेला एक आकडा. तो शंभराने वाढवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. गेम उभा करायला कोट्यवधी लागलेले असतात, पण ते लागून गेले. आणखी एक पॅक विकला म्हणून त्यात भर पडत नाही. खर्चाने किमतीला खालून लावलेला टेकू असा निघून गेला, की किंमत ठरवायला एकच गोष्ट उरते: समोरचा किती द्यायला तयार आहे.

एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या भावाने विकणं, याला अर्थशास्त्रात मूल्यभेद म्हणतात, आणि त्याचा अभ्यास मोबाइलच्या कितीतरी आधी, रेल्वेपासून सुरू झाला. ज्यूल ड्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये एक निरीक्षण मांडलं. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. छप्पर महाग पडतं म्हणून नव्हे. ज्यांना दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. पुढे १९२० मध्ये केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी मूल्यभेदाचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात प्रत्येक माणसाकडून तो देईल तितकं घ्यायचं. हे साधणं कठीण. दुसऱ्यात दर्जाचे किंवा नगांचे पर्याय समोर मांडायचे आणि माणसाला स्वतःच निवडू द्यायचं. तिसऱ्यात माणसांचे गट पाडायचे आणि गटागटाला भाव लावायचा. ठाणे–वाशी लोकलचा फर्स्ट क्लास दुसऱ्या प्रकारात मोडतो: गाडी तीच, रूळ तेच, वाशीला पोचायची वेळ तीच, आणि कुठल्या डब्यात चढायचं हे तुम्ही ठरवता. गेममधला देशागणिक भाव तिसऱ्या प्रकारातला. तिथे तुम्हाला डबा निवडता येत नाही, तुमच्या खात्याचा देश तो निवडतो.

मग भारताच्या डब्याचं तिकीट किती असावं? इथे क्रयशक्तीचं माप कामाला येतं. बाजारात डॉलरला ८५ रुपये पडत असतील, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि जेवढ्या सेवा मिळतात, तेवढ्या भारतात घ्यायला साधारण २० रुपयेच लागतात, असं जागतिक बँकेचं गणित सांगतं. केस कापणं, रिक्षा, घरकामाची मजुरी या गोष्टी इथे फार स्वस्त असल्यामुळे ही तफावत येते. या मापाने ०.९९ डॉलरच्या पॅकची भारतातली किंमत २० रुपयांच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात २९, ४९, ८९ असे आकडे जास्त दिसतात. माझ्या मते याचं कारण असं, की गेमवर पैसे टाकणारा भारतीय हा सरासरी भारतीय नसतो. त्याच्या हातात स्मार्टफोन असतो, तोही क्रयशक्तीच्या भावाने न घेता जगभरच्या भावाने घेतलेला. डाउनलोडच्या संख्येत भारत जगात आघाडीवर आहे, पण त्यातले बहुसंख्य एक रुपयाही खर्च करत नाहीत. किंमत ठरवताना कंपनीची नजर असते ती खर्च करायच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या थोड्या लोकांवर.

तेही कंपनीने नजर टाकली तर. दुकानात, म्हणजे ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरवर, किंमत भरताना कंपनी एका देशाचा आकडा देते. बाकी देशांचे आकडे दुकानाची यंत्रणा विनिमय दर आणि कर धरून, ९९–४९ असे डोळ्यांना सवयीचे करून आपोआप भरते. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये किमतींचे ९०० टप्पे दिले आणि १७५ देश-प्रदेशांत वेगवेगळा भाव ठेवायची सोय वाढवली. पण हाताने बदल करायचा कंटाळा केला, तर भारतातल्या मुलाला अमेरिकेचाच भाव कर लावून मिळतो. आणि नुसत्या विनिमय दरावर सोडलेला भाव कसा हलतो ते जपानने २०२२ मध्ये पाहिलं. येन घसरला, ॲपलने तिथली यादी बदलली आणि सगळ्यात खालच्या टप्प्यांपैकी १२० येनचा पॅक ऑक्टोबरपासून १६० येनचा झाला. गेममध्ये काहीच बदललं नव्हतं.

आता पाहुण्याचा प्रश्न. स्वस्त देशात घेऊन महाग देशात वापरता आलं, तर दोन भाव टिकणारच नाहीत. इंजिनिअरिंगची पुस्तकं घेतलेल्या कुणालाही हे माहीत आहे. परदेशी लेखकाच्या पुस्तकाच्या भारतीय आवृत्तीवर ‘फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश इत्यादी देशांत विक्रीसाठी’ अशी सूचना छापलेली असते. मजकूर तोच, कागद हलका, किंमत मूळ पुस्तकाच्या एका अंशाएवढी. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. त्याने घरच्यांकडून अशी स्वस्त पुस्तकं मागवून तिकडे विकली. प्रकाशक कोर्टात गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला: विकत घेतलेलं पुस्तक ज्याचं त्याचं, ते तो पुन्हा विकू शकतो. छापील सूचनेची ताकद तिथेच संपली.

डायमंडच्या बाबतीत सूचना छापावी लागत नाही, कारण डायमंड तुमच्या मालकीचा होऊन तुमच्या हातात येतच नाही. तो खात्याला चिकटलेला असतो, दुसऱ्याला विकता येत नाही. प्ले स्टोअरवर खात्याचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तोही त्या देशात असताना आणि तिथलं पैसे भरायचं साधन जोडून. जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात चालत नाही. म्हणून इथल्या पोराने पाहुण्यासाठी पॅक घेतला असता, तर डायमंड इथल्याच्याच खात्यात पडले असते. भिंत इतकी पक्की आहे, म्हणून तर ४९ रुपयांचा भाव टिकतो. भिंतीला भगदाड पडलं की काय होतं, त्याचं उदाहरण स्टीम या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या दुकानात सापडतं. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्टीमवरचे भाव फार खाली होते आणि बाहेरचे लोक तिथली खाती उघडून खरेदी करत. त्यात तिथली चलनं, पेसो आणि लिरा, सतत गडगडत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने दोन्ही देशांत डॉलरमध्ये भाव लावले. कित्येक गेम तिथल्या लोकांसाठी एका दिवसात अनेक पटींनी महाग झाले. म्हणून टेलिग्रामवर ‘अर्ध्या किमतीत टॉप-अप’ विकणाऱ्यांबद्दल, म्हणजे स्वस्त देशाच्या भावाने डायमंड भरून देणाऱ्यांबद्दल, मला जराही आपुलकी वाटत नाही. त्यांच्या नफ्याची किंमत स्वस्त देशातली पोरं मोजतात. शिवाय असा पॅक चोरीच्या कार्डावर घेतलेला निघाला, तर कंपनी डायमंड परत काढून घेते आणि खातं बंद पडतं ते घेणाऱ्याचं.

देशागणिक भाव असावा, हे मला मान्य आहे. एकच जागतिक भाव ठेवला तर तो अमेरिकेचाच असेल आणि आपल्याकडची बहुतेक मुलं दाराबाहेर राहतील. माझी तक्रार वेगळी आहे: देश हा फारच मोठा गट आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्याचा मुलगा आणि तिथून एका स्टेशनवर, दिघ्याच्या चाळीत राहणारा रिक्षावाल्याचा मुलगा, दोघांना पॅक ४९ लाच. एकाच्या घरात तो आकडा कुणाला जाणवत नाही, दुसऱ्याच्या घरात ती दोन वेळची भाजी आहे.

देशाच्या आत भेद करायला गेमवाले मग पिगूंच्या यादीतला दुसरा प्रकार वापरतात: लहान पॅकमध्ये डायमंड महाग, मोठ्यात स्वस्त, आणि पहिल्या खरेदीवर घसघशीत सूट. म्हणजे ज्याच्याकडे एका वेळी कमी पैसे, त्याला डायमंडमागे जास्त मोजावे लागतात. २०१५ मध्ये गूगलने भारतात प्ले स्टोअरवरची किमान किंमत ५० रुपयांवरून १० वर आणली, तेव्हा दिघ्यातल्या मुलासाठीही पहिली पायरी तयार झाली. ही पायरी बसवणं योग्यच होतं. पण दहा-वीस रुपये यूपीआयने जाताना घरात कुणाचं लक्ष नसतं, आणि पुढे किती गेले ते डायमंडमध्ये मोजलेलं असल्यामुळे कळत नाही. समजा, स्किन (गेममधल्या पात्राचा पोशाख) ३५० डायमंडची, पॅक १०० आणि ५०० चे. मोठ्यात डायमंड स्वस्त म्हणून ५०० चा घेतला, तर १५० उरतात, उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा पॅक. स्किनवर ३५० हा आकडा बहुधा जगभर सारखाच असतो; देशागणिक फरक पडतो तो फक्त डायमंड विकत घेण्याच्या खिडकीवर. म्हणजे ती स्किन रुपयांत केवढ्याला पडली, हे स्किनच्या चित्राखाली कुठेच लिहिलेलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी आणली. डायमंड घेऊन स्किन घालणं त्यात येत नाही, कारण तिथे पैसे परत मिळायची आशाच नसते. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी गेममधल्या चलनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातलं एक असं, की गेममधल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दिसली पाहिजे. आपल्याकडे हा नियम व्हायला हवा, आणि तो इथे युरोपपेक्षा जास्त गरजेचा आहे, कारण इथे दहा रुपयांपासून सुरुवात होते आणि पालकांपैकी अनेकांना गेम उघडून बघायची सवय नाही. कुठल्या देशात डायमंड केवढ्याला हे दुकानाला पक्कं माहीत असतं. ३५० डायमंडच्या शेजारी, शंभराला ४९ या भावाने, सुमारे १७० रुपये लिहायला एका गुणाकारापलीकडे काहीच लागत नाही.