संतुलित ग्राफ विभाजन

एखाद्या नेटवर्कमधील, म्हणजेच ग्राफमधील, नोड (दुव्यांनी जोडलेले बिंदू) जवळपास सारख्या आकाराच्या ठरावीक गटांत असे वाटायचे, की दोन वेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमीत कमी राहतील, याला संतुलित ग्राफ विभाजन म्हणतात. प्रचंड ग्राफवरचे काम अनेक संगणकांना वाटून देताना हा प्रश्न हमखास येतो. एकावर भार जास्त पडला की बाकीचे त्याची वाट पाहत बसतात. शिवाय तुटलेला दुवा म्हणजे संगणकांमधली वाढीव देवाणघेवाण. समतोल काटेकोर नसला तरी चालतो. १००० नोडचे ४ भाग करताना ३ टक्के सूट दिली, तर एका भागात २५७ पर्यंत नोड चालतात.

सर्वोत्तम विभाजन शोधणे एनपी-हार्ड (म्हणजे ज्याचे अचूक उत्तर झटपट काढणारी रीत माहीत नाही असे) असल्याने व्यवहारात चांगल्यापैकी उत्तरावर समाधान मानावे लागते. कर्निगन व लिन यांची १९७० मधील रीत दोन भागांतील नोडची अदलाबदल करत जाते. फिडुचिया व मॅथेयसेस यांनी १९८२ मध्ये एकेक नोड हलवून हेच काम पुष्कळ वेगवान केले. पण दोन्हींची नजर जवळपासच फिरते. सुरुवातच वाईट असेल तर त्या तिथेच अडकतात.

बहुस्तरीय पद्धतीने ही अडचण बरीचशी सोडवली. जोडीने नोड एकत्र करत ग्राफ लहान करायचा, त्या लहान ग्राफचे भाग पाडायचे, मग टप्प्याटप्प्याने मूळ आकाराकडे परतताना सीमा सुधारत यायचे. कॅरिपिस व विपिन कुमार यांचे मेटिस हे सॉफ्टवेअर याच धाटणीचे. अभियांत्रिकीतील जाळ्यांवर ते उत्तम चालते, कारण तिथे प्रत्येक नोडला मोजकेच शेजारी असतात.

सामाजिक नेटवर्क किंवा वेबवर मात्र जोड्या लावण्याची युक्ती फसते. एका केंद्राला १००० नोड जोडलेले आहेत आणि त्यांचे आपसांत काहीच नाते नाही, असे समजा. केंद्राची जोडी एकाशीच लागते. १००१ नोडचे १००० होतात, बस्स! मायरहेन्के, सँडर्स व शुल्झ यांनी २०१४ मध्ये जोड्यांऐवजी लेबल प्रसाराने गट बांधले. लेबल म्हणजे नोड कोणत्या गटात आहे याची खूण. प्रत्येक नोड शेजाऱ्यांत ज्याचे पारडे जड ते लेबल घेतो, मात्र ठरलेली आकारमर्यादा ओलांडणाऱ्या गटात त्याला शिरता येत नाही. ही मर्यादाच कळीची, नाहीतर एखादा गट सगळे गिळून टाकतो. मग प्रत्येक गटाचा एकच नोड करायचा, की मोजक्या फेऱ्यांत ग्राफ झपाट्याने आटतो.

काही नेटवर्कमध्ये मुळात थोडे दुवे तोडून भाग पाडता येतील अशी चांगली फटच नसते. तिथे दुवे तोडण्याऐवजी केंद्राच्याच प्रती अनेक संगणकांवर ठेवतात. २०१२ च्या पॉवरग्राफ या ग्राफवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरने हाच मार्ग धरला.