लेक्तिओ दिव्हिना

बायबलमधील छोटा उतारा सावकाश वाचून, त्यावर मनन व प्रार्थना करून तो आचरणात आणण्याची ख्रिस्ती मठपरंपरेतील रीत. लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘दिव्य वाचन’.

उगमाविषयी मतभेद आहेत. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने ग्रेगरी या शिष्याला लिहिलेल्या पत्रात धर्मग्रंथाच्या वाचनात चित्त लावण्याचा उपदेश आहे. काही अभ्यासक मूळ तेथवर नेतात. मात्र त्यात पायऱ्यांची पद्धत नाही. शिवाय आरंभीच्या लॅटिन लेखनात ही संज्ञा अनेकदा वाचनक्रियेला नव्हे, तर वाचायच्या ग्रंथालाच लावलेली दिसते. म्हणून नित्यक्रम या अर्थाने सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्या ४८व्या प्रकरणात वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत त्या वेळी कोणी आळसाने गप्पा मारत तर नाही ना, हे पाहायला एक-दोन वडीलधारे मठात फिरत.

वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या चार पायऱ्या १२व्या शतकात कार्थूझियन या एकांतवासी संन्याससंघाचा मठप्रमुख दुसरा ग्विगो याने मांडल्या. त्याचा ग्रंथ दीर्घकाळ संत ऑगस्टीन वा संत बर्नार्ड यांच्या नावावर खपत होता. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना चव मिळवते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच, असे तो म्हणतो. अशा मननासाठी वापरला जाणारा ‘रुमिनातिओ’ हा लॅटिन शब्दही गुरांच्या रवंथावरूनच आला आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन या औपनिषदिक क्रमाशी साम्य डोळ्यांत भरते. ऐतिहासिक संबंध मात्र मानता येत नाही.

व्यवहारात पाच ते दहा ओव्या आणि अर्धा तास पुरतो. उतारा दोन-तीनदा, शक्यतो मोठ्याने वाचतात. मनात अडकलेला शब्द वा वाक्य धरण्याआधी मागचा-पुढचा मजकूर पाहणे आवश्यक असते, कारण बहुतेक चुका येथेच होतात. ‘मी सर्व काही करू शकतो’ या आशयाचे वचन (फिलिप्पै ४:१३) यशाचे आश्वासन म्हणून उचलले जाते. लगतच्या ओव्या मात्र टंचाईत आणि विपुलतेत सारखेच समाधानी राहण्याविषयी आहेत, आणि लिहिणारा पौल बंदिवासात आहे. यिर्मया २९:११ मधील आशेचा भविष्यकाळही बाबेलमधील (बॅबिलोनमधील) निर्वासितांना उद्देशून आहे. त्याच्या आधीच्याच ओवीत ७० वर्षांची मुदत आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. डोळे मिटून पान उघडणे, हे तर वाचन नव्हे, कौल लावणे होय.

पोप सोळावा बेनेडिक्ट यांच्या २०१० च्या उद्बोधनपत्राने कृती हा टप्पाही आवर्जून नोंदवला. ती मोघम नसावी. मत्तय ५:२३-२४ (आधी भावाशी समेट करण्याविषयीच्या ओव्या) वाचणाऱ्याने ‘प्रेमळ होईन’ असे न ठरवता कोणाकडे, कधी जाऊन समेट करायचा ते ठरवावे.